पायी केलेली प्रार्थना : प्रस्तावना

महाराष्ट्रात देवाचे नाव घेत चालणाऱ्याला रस्ता मोकळा मिळतो, असा आपला समज आहे आणि तो बराचसा खरा आहे. ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम करते, तेव्हा त्या दिवसांत हमरस्ता वारकऱ्यांचा असतो. ट्रक आणि एसट्या मुकाट वळसा घेतात. या सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे. हजारो माणसांची भक्ती एका वाटेवरून गोंधळ न होता कशी न्यायची, हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच जिल्ह्यातल्या माणसाने घालून दिले. पलीकडे सांगली जिल्ह्यात कडेगावचे गगनचुंबी ताबूत मोहरमला निघतात आणि त्यांत हिंदूही मानाने सामील होतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत तर गणपती मशिदीत बसतो. मराठी ख्रिस्ती माणूसही या चालण्याला परका नाही. झावळ्यांच्या रविवारी हातात झावळी घेऊन तो निघतो, हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेला पायी जातो, आणि त्या वाटेवर त्याच्या बरोबरीने चालणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात.

मग पेंटेकॉस्टल मंडळ्यांची प्रार्थना फेरी दिसली की माणसे का बिचकतात? तिच्यात ढोल नसतो, गुलाल नसतो, वाहतूक तुंबत नाही. दोघेतिघे जण रस्त्याने सावकाश चालतात, डोळे उघडे ठेवून, ओठांतल्या ओठांत काही म्हणत. बहुधा उपवास धरलेला असतो. शाळा आली की मुलांसाठी, दवाखाना आला की रोग्यांसाठी, पोलीस ठाणे आणि नगरपालिका आली की अधिकाऱ्यांसाठी, दारूचे दुकान आले की तिथे बसलेल्यांसाठी मध्यस्थीची प्रार्थना होते. एखाद्या घरातल्या माणसांची नावे ठाऊक नसतात. तिथे दाराकडे बघून प्रार्थना होते. इतक्या गुपचूप चाललेल्या गोष्टीची कुणाला अडचण व्हावी, हे फेरीवाल्यांना खरोखरच कळत नाही, आणि त्यांचे हे न कळणे प्रामाणिक असते.

माझे उत्तर असे आहे. वारकरी पंढरपूरला जातो, ताबूत विसर्जनाला जातात, हरेगावचा यात्रेकरू माऊलीच्या दारात जातो. वाटेतली गावे त्यांना पाणी देतात, भाकरी देतात, क्वचित शिव्याही देतात. पण ती गावे त्यांचे गंतव्य नसतात. प्रार्थना फेरी मात्र कुठेच जात नाही. जिथून निघते तिथेच परत येते. ज्या रस्त्यावरून ती जाते, तो रस्ताच तिचे गंतव्य, आणि त्या रस्त्यावरची घरे तिचा विषय. आपल्या दारावरून कुणी देवाकडे निघाला आहे, हे आपण सहज सोसतो. कुणी देवाला आपल्या दाराकडे घेऊन आला आहे, असे कळले की मात्र आपण विचारतो: कुणी बोलावले होते?

या प्रश्नाचा विचार करायला पाचगणी हे ठिकाण वरवर पाहता गैरसोयीचे आहे. सुमारे १५ हजार वस्तीचे हे गाव दुभंगलेले नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन या इंग्रजाने ते वसवले, आणि पुढे शाळांच्या रूपाने इथे जवळजवळ प्रत्येक धर्माने आपापले अंगण आखून घेतले. अँग्लिकनांचे सेंट पीटर्स, कॅथलिक जोगिणींचे सेंट जोसेफ, पारशांची बिलिमोरिया, १९२२ चे संजीवन विद्यालय, १९४५ चे बहाई मंडळींचे न्यू एरा, मुसलमानांची अंजुमन; आणि या सगळ्यांच्या आधीपासून असलेली गावाची घाटजाई. इतक्या श्रद्धा इतक्या थोड्या चढउतारांवर शेजारी नांदतात याचे एक कारण उघड आहे: प्रत्येकीला आवार आहे, आवाराला फाटक आहे. शहर दुभंगते ते फाटकाबाहेर, सामायिक रस्त्यावर. तरीही पाचगणीतून पाहिले की या विषयाचा एक धागा दिसतो, जो मिरजेतून किंवा मुंबईतून दिसत नाही. तो धागा इंग्लंडमधल्या एका तळ्याकाठच्या गावापर्यंत जातो.

केझिक हे ते गाव. १८७५ पासून तिथे दर उन्हाळ्यात प्रार्थनासभा भरतात. १८९८ साली त्या सभेत पंडिता रमाबाई उभ्या राहिल्या आणि भारतासाठी प्रार्थना करा, असे त्यांनी हजारो लोकांना विनवले. रमाबाईंइतके धर्मासाठी चाललेले माणूस त्या मंडपात दुसरे नसावे. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक; सारे कुटुंब क्षेत्रामागून क्षेत्र पायी हिंडत पुराणे वाचून पोट भरत होते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, तरी रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास चालतच राहिले, ते १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. पुढचे सारे, म्हणजे पंडिता आणि सरस्वती या पदव्या, वाँटेजचा १८८३ चा बाप्तिस्मा, शारदा सदन, त्यावरून पुण्यात उठलेले वादळ, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. सांगायला हवे ते केडगावचे, कारण आपल्या चरित्रलेखकांनी ते थोडे अंग चोरून सांगितले आहे. सुधारक रमाबाई आपल्याला हव्या असतात. रात्रभर रडत, ओरडत प्रार्थना करणाऱ्या शेकडो मुलींमधल्या रमाबाई नको असतात.

वेल्समध्ये १९०४ साली संजीवन, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या पुनरुज्जीवनाची लाट, सुरू झाल्याच्या बातम्या आल्या आणि १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये रोजची खास प्रार्थना चालू केली. आरंभी ७० जणी येत. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. मग रमाबाईंनी विचारले की शिक्षण बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? ३० तरुणी पुढे झाल्या. या तीस जणी बाहेर पडण्याआधी स्वतःसाठी सामर्थ्य मागत रोज जमत होत्या, आणि त्या दिवसांतच २९ जूनच्या पहाटे ती घटना घडली. एका मुलीला ज्वाळांनी वेढलेले पाहून तिची सोबतीण पाण्याची बादली आणायला धावली. ओतणार तोच तिच्या लक्षात आले की हिला आग लागलेलीच नाही. पुढे कित्येक दिवस पापांची कबुली, अश्रू, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने करायची प्रार्थना, आणि कालांतराने अन्य भाषा, म्हणजे न शिकलेल्या बोलीतली प्रार्थना. लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीट, जिथून पेंटेकॉस्टल चळवळ जगभर पसरली असे पाठ्यपुस्तके सांगतात, ती १९०६ ची. केडगाव तिच्या आधीचे. मुक्तीमधल्या मिनी अब्राम्स यांनी लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या मैत्रिणीला पाठवली आणि १९०९ मध्ये तिथे मेथडिस्ट पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. दौंड तालुक्यातल्या दुष्काळपीडित मुलींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. 'हे सगळे परदेशातून आले' म्हणणाऱ्यांनी हा उलटा प्रवासही जमेस धरावा.

मुक्तीच्या बाबतीत मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. बाहेर जाणाऱ्यांनी आधी स्वतःची झडती घेतली. ज्वाळा पडली ती त्यांच्यावर, गावावर नव्हे.

आता केझिकला परत येऊ. १९०८ मध्ये फ्रँक बुकमन नावाचा एक अमेरिकन लुथरन पाळक तिथे आला. फिलाडेल्फियात तरुणांसाठी चालवलेल्या वसतिगृहाच्या समितीशी भांडून त्याने काम सोडले होते आणि सहा जणांबद्दलचा राग मनात घेऊन तो हिंडत होता. एका छोट्या प्रार्थनागृहात जेसी पेन-लुईस या बाईंचे प्रवचन त्याने ऐकले. या त्याच बाई, ज्या वेल्सच्या संजीवनाशी जवळून जोडलेल्या होत्या. ऐकून तो खोलीवर गेला आणि त्या सहा जणांना क्षमा मागणारी सहा पत्रे लिहिली. पुढे त्याने ऑक्सफर्ड ग्रुप उभा केला, १९३८ मध्ये त्याचेच नैतिक पुनरुत्थान आंदोलन झाले, आणि राजमोहन गांधी त्यात आले. १९६३ साली राजमोहन गांधींनी कन्याकुमारीहून दिल्लीपर्यंत यात्रा काढली, १९६४ मध्ये 'हिम्मत' साप्ताहिक सुरू केले, आणि १९६८ च्या जानेवारीत पाचगणीच्या एका बोडक्या उतारावर एशिया प्लॅटो हे केंद्र उघडले. आज तिथे दाट झाडी आहे. सरकारी अधिकारी, कारखान्यांचे व्यवस्थापक, कामगार, विद्यार्थी तिथे येतात आणि सकाळी वही-पेन घेऊन गप्प बसतात. कुणी देवाचे ऐकतो म्हणतो, कुणी आतल्या आवाजाचे. धर्म कुणी कुणाचा विचारत नाही.

म्हणजे एकाच झऱ्याचे पाणी महाराष्ट्रात दोन ठिकाणी आले. केडगावला ते गर्जना करत आले, पाचगणीला अबोल. एकाने येशूचे नाव छपरावरून पुकारले, दुसऱ्याने ते इतके आत नेले की बाहेरच्याला दिसूही नये. पाचगणीचे ते शहाणपणाचे आणि केडगावचे ते अडाणीपणाचे, अशी मांडणी आपल्याकडच्या सुशिक्षितांना लगेच पटेल. मला ती पटत नाही. गप्प बसण्याने माणूस निर्मळ होतोच असे नाही. हिटलरसारखा माणूस कम्युनिझमविरुद्ध भिंत बनून उभा राहिला याबद्दल आभार मानणारे उद्गार १९३६ मध्ये याच बुकमनच्या मुलाखतीत छापून आले आणि ते त्याला जन्मभर चिकटले. शिवाय सकाळी वही घेऊन शांत बसायला मोकळा वेळ लागतो, टेकडी लागते. केडगावच्या मुलींपाशी आवाजाखेरीज काही नव्हते. तरी त्या सहा पत्रांची आणि तीस मुलींच्या कबुलीची जात एकच आहे. दोन्हींत प्रार्थना करणारा आधी स्वतः बदलायला तयार आहे.

तिसरा नमुना साताऱ्याचाच आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही येशूचे शिष्य म्हणून एकत्र बसू शकतील, अशी ती कल्पना होती. टाळ, अभंग आणि कीर्तन हे टिळकांच्या भक्तीचे घरचे साधन. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार वाढायच्या आतच थांबला. मिशनच्या इतिहासात त्याला ओळ-दोन ओळी मिळतात. मला मात्र वाटते की सामायिक रस्त्यावर ख्रिस्ती माणसाने कसे चालावे, याचा मराठीतला सर्वांत धाडसी विचार तोच होता, कारण त्यात फाटकच काढून टाकले होते.

मग आजच्या फेरीत बिचकण्यासारखे आले कुठून? १९८० नंतर. लंडनमध्ये १९८७ साली ग्रॅहॅम केंड्रिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गाणी म्हणत शहरातून मोर्चा काढला. त्याचा 'मार्च फॉर जीझस' झाला आणि १९९४ पर्यंत तो जगभर एकाच दिवशी निघू लागला. १९९३ मध्ये केंड्रिक आणि स्टीव्ह हॉथॉर्न यांनी प्रार्थना फेरीवर पुस्तक लिहिले, आणि दोघातिघांनी शांतपणे चालण्याची रीत तिथून मंडळ्यामंडळ्यांत गेली. इथवर तक्रारीचे काही नाही. पण त्याच वर्षांत अमेरिकेत पीटर वॅग्नर आणि इतर काही जण शिकवू लागले की प्रत्येक शहरावर, प्रत्येक मुलखावर एकेक दुष्ट आत्मा राज्य करतो. त्याचा नकाशा काढा, ठाणे हुडका, प्रार्थनेने ते पाडा. उत्तर आफ्रिकेपासून पूर्व आशियापर्यंतच्या पट्ट्याला 'टेन-फॉर्टी विंडो' असे नाव पडले, भारत त्याच्या मधोमध. जगभरातून प्रार्थना करणारे गट आले. मंदिर, दर्गा, मशीद हे नकाशावरचे टिंब झाले.

या शिकवणीचा आधार म्हणजे यहोशवाच्या पुस्तकातली यरीहोची गोष्ट. सहा दिवस शहराभोवती एकेक फेरी, सातव्या दिवशी सात, मग कर्णे, मग आरोळी, आणि तट कोसळतो. गोष्ट जोरकस आहे. पण पांडवगड, वैराटगड, अजिंक्यतारा यांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला तट पडणे म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या आजीने त्याला ते झोपताना सांगितलेले असते, आणि त्या गोष्टीत तो नेहमी तटाच्या आतल्या बाजूला असतो. तुमच्या वस्तीभोवती आम्ही सात फेऱ्या मारल्या, असे त्याच्या कानावर आले तर तो काय समजेल? फेरीवाला म्हणतो, आमची लढाई माणसांशी नाही, आत्मिक शक्तींशी आहे. त्याच्या मनात ते खरेही असेल. ऐकणाऱ्याला मात्र त्या शक्तीच्या जागी आपली घाटजाई दिसते.

त्याच शास्त्रात दुसरे एक पान आहे. यिर्मया संदेष्टा बाबेलला धरून नेलेल्या आपल्या लोकांना पत्र लिहितो: घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या परक्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचे कुशल तेच तुमचे कुशल. इथे शहर शत्रूचेच आहे, देव वेगळे आहेत, आणि तरी तट पाडायचा नाही. ज्या फेऱ्यांची हकिकत पुढच्या पानांत येते, त्यांतली प्रत्येक फेरी या दोहोंपैकी कोणते पान वाचून निघाली, एवढे पाहत गेलात तर पुष्कळ गुंता सुटतो. दोन्ही फेऱ्यांत पावले तीच, रस्ता तोच, ओठांतला आवाजही तेवढाच. बाहेरून ओळखता येत नाहीत, हीच खरी पंचाईत.

आणि रस्ता आता पूर्वीसारखा मऊ राहिलेला नाही. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत अफझलखानवधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल झाली. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याचे, अब्दुल करीम खाँच्या गाण्याचे, वॉनलेस डॉक्टरांच्या मिशन इस्पितळाचे हे गाव. तिथली भांडणाची वस्तू एक कमान होती. २०२३ च्या सप्टेंबरात खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून माणूस मेला. २०२५ च्या जूनमध्ये सांगलीत एका आमदाराने धर्मांतर करणाऱ्या धर्मगुरूंना चोपणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसे जाहीर केली, आणि जुलैत ख्रिस्ती समाज निषेधासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर जमला. अशा हवेत ओठांतली प्रार्थनाही लोकांना मोठ्याने ऐकू येते. तिच्यावर हात टाकणारा गुन्हेगारच, यात पण-परंतु नाही. ज्याला मार बसतो त्याने आपली भाषा तपासावी, असे मार देणाऱ्यासमोर म्हणणे हा नीचपणा ठरेल. म्हणून भाषेविषयी जे म्हणायचे ते मी इथे, मंडळीतल्या वाचकांसाठी म्हणतो आहे.

कायद्याची या बाबतीत फारशी मदत होत नाही. घटनेचे २५वे कलम धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देते, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मिरवणुकीला पोलिसांची परवानगी लागते: मार्ग, वेळ, माणसे, भोंगा. सणावारी जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला बंदी घालतात. पण दोघेतिघे चालत मनात काय म्हणतात, याला कोणते कलम लावणार? आणि लावू पाहणाऱ्या राज्यात कुणीच राहू नये. तेव्हा निवाडा फेरीवाल्यानेच करायचा. माझी कसोटी साधी आहे: ज्या घरासाठी तुम्ही प्रार्थना केलीत, त्या घरच्या बाईने दारात उभे राहून विचारले की काय मागितलेत, तर ते तिला जसेच्या तसे सांगता येईल का? तिच्या मुलाला नोकरी लागो, नवऱ्याची दारू सुटो, घरात शांती नांदो, हे सांगता येईल. तिच्या देव्हाऱ्यावरचा पगडा मोडो, हे सांगता येणार नाही. जे तिला सांगता येत नाही, ते देवाला तरी तिच्या दारात उभे राहून का सांगावे? आपल्या घरी बसून सांगावे.

हे अवघड आहे, अशक्य नाही. बेलफास्टमध्ये १९६९ पासून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांमध्ये भिंती उभ्या आहेत. तिथे ऑरेंज ऑर्डरच्या मिरवणुका दुसऱ्यांच्या वस्तीतून नेण्याच्या हट्टापायी रक्त सांडले. त्याच शहरात १९९० च्या दशकात क्लोनार्ड मठाच्या गेरी रेनॉल्ड्स या कॅथलिक धर्मगुरूने काही माणसे बरोबर घेतली आणि रविवारी पलीकडच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये चालत जायला सुरुवात केली. ती माणसे त्यांच्या उपासनेत मागच्या बाकांवर जाऊन बसत. ती फेरी कुठेतरी जात होती. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची, त्यांच्यासोबत बसून, त्यांच्या पद्धतीने ती होत होती. पेंटेकॉस्टल माणसाला इतके सोसेल का, हा प्रश्न मी त्याच्यावरच सोपवतो. पण टिळकांच्या दरबारात क्लोनार्डची ती माणसे बसली असती, एवढे नक्की.

या पुस्तकाबद्दल एक तक्रार नोंदवून थांबतो. यात चालणाऱ्यांच्या साक्षी भरपूर आहेत: उपवास कसा धरला, कोणत्या वळणावर मन भरून आले, कुणाचा आजार बरा झाला. ज्यांच्या दारावरून ते गेले त्यांचे बोलणे फार थोडे आहे. केडगावच्या त्या तीस मुली ज्या खेड्यांत गेल्या, तिथल्या चावडीवर काय बोलले गेले, हे मुक्ती मिशनच्या कागदपत्रांतही शोधत बसावे लागते. संपादकांना मी सुचवले आहे की दुसऱ्या आवृत्तीआधी त्यांनी त्याच रस्त्यांवर पुन्हा जावे. या खेपेला प्रार्थना करू नये, बेल वाजवावी आणि चहा दिला तर घ्यावा.